आफ्रिका खंड शिकवताना यादी बाजूला ठेवा

पत्र : मी नववीला भूगोल शिकवते. आफ्रिका खंडासाठी मला आठ तास मिळतात. स्थान, विस्तार, प्राकृतिक रचना, नद्या, हवामान, वनस्पती, खनिजे, लोकजीवन असा क्रम मी दरवर्षी घेते. मुले चाचणीपुरते पाठ करतात आणि पंधरा दिवसांनी विचारावे तर नाईल नदीपलीकडे कुणाला काही आठवत नाही. यंदा दोन गोष्टी मनाला फार लागल्या. एका हुशार मुलाने उत्तरात लिहिले, ‘आफ्रिका हा एक गरीब देश आहे.’ आणि लोकजीवनाचे चित्र दाखवले तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटले. मी नेमके काय बदलू? पाठांतर पूर्ण सोडून द्यायचे का? – एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलेल्या क्रमातला एकेक मुद्दा बरोबरच आहे. अडचण अशी, की या क्रमात प्रत्येक मुद्दा आपापल्या तासापुरता राहतो. नद्या सोमवारी होतात, हवामान बुधवारी होते, आणि नदीला पूर कधी येतो व का येतो हे विचारायला दोन्ही तासांत जागा नसते. मग मुलांच्या हाती नावे उरतात. कशाशीच न जोडलेले नाव डोक्यात का राहावे? म्हणून माझा सल्ला सरळ आहे : मथळे कमी करा आणि असे चार-पाच प्रश्न निवडा, ज्यांचे उत्तर दोन-तीन वेगवेगळे नकाशे समोर ठेवल्याशिवाय निघतच नाही. असे प्रश्न आफ्रिका जितके देते तितके दुसरे कुठलेच खंड देत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला तास आकाराला द्या. भिंतीवर मर्केटरच्या पद्धतीचा जगाचा नकाशा असेल तर त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसतात. मुलांना विचारा, मोठे कोणते? मग पृथ्वीगोल पुढे आणा. पातळ कागद गोलावर ठेवून एकाला ग्रीनलंडची कड गिरवू द्या, तो तुकडा कापू द्या आणि आफ्रिकेवर फिरवून पाहू द्या. सहारातच तो चार वेळा मावतो, हे त्यांच्या हातांनाच कळते. आकडे त्यानंतर सांगा : आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलंडच्या जवळजवळ १४ पट. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, चीन आणि भारत हे तिन्ही देश आत ठेवले तरी वर सुमारे ७५ लाख चौरस किलोमीटर उरतात. मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा केला तो जहाजांना दिशा धरायला सोपे जावे म्हणून. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश फुगवावे लागले, हेही सांगा, नाहीतर मुलांना वाटते की कुणीतरी फसवले. ज्या मुलाने ‘देश’ लिहिले, त्याच्या चुकीवर अर्धे औषध इथेच मिळते. एवढ्या जागेत ५४ देश आहेत, हे त्याला आता ऐकून नव्हे, पाहून पटेल.

दुसरा आणि तिसरा तास घडीचा. खंडाचा आराखडा नकाशा प्रत्येकाला द्या. त्यावर विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त काढायला लावा. ही तिन्ही ज्यातून जातात असे खंड एकच, हे. उत्तरेचे टोक सुमारे ३७ अंशांवर आणि दक्षिणेचे सुमारे ३५ अंशांवर. विषुववृत्त जवळपास मध्यावर. आता नकाशासंग्रहातल्या नैसर्गिक वनस्पतींच्या नकाशावरून रंग भरू द्या आणि कागद विषुववृत्तावर दुमडायला सांगा. हिरवे जंगल घडीवरच येते, मग दोन्हीकडे सॅव्हानाचे गवताळ पट्टे, मग निमओसाड प्रदेश, मग वाळवंट, आणि अगदी टोकांना उत्तरेत अल्जिअर्स व दक्षिणेत केपटाउन इथे सारखेच भूमध्य सागरी हवामान. हे सगळे तुम्ही आधी सांगून टाकू नका. घडी त्यांनी घालावी आणि बोलायला त्यांनीच सुरुवात करावी. त्यानंतर फळ्यावर दोन बाण काढले की कारण स्पष्ट होते : विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, थंड होते, पाऊस देते, तीच कोरडी हवा पुढे २०–३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि तिथे ढग बनू देत नाही. पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग जुलैत उत्तरेला आणि जानेवारीत दक्षिणेला सरकतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्याला पावसाचा एकच छोटा हंगाम का, हे एवढ्यावरून मुले स्वतः सांगू शकतात. सहारा म्हणजे नुसती वाळू, हा समजही इथेच काढून टाका. सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटरच्या त्या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांचा भाग जेमतेम चौथाई आहे, बाकी सारे खडक आणि गोटे.

घडीवर जिथे रंग जुळत नाहीत, तिथे मात्र थांबा. घाई करून पुढे जाऊ नका, कारण खरा भूगोल तिथेच सुरू होतो. काँगोच्या खोऱ्यात विषुववृत्तावर दाट जंगल आणि त्याच विषुववृत्तावर केनियाच्या ईशान्येला व सोमालियात कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश. असे का? उंच पठार आणि किनाऱ्याला बरेचसे समांतर वाहणारे मोसमी वारे, ही दोन उत्तरे वर्गातून निघू शकतात. दुसरी जोडी त्याहून सोपी आहे. मकरवृत्ताजवळ पश्चिम किनाऱ्यावर नामिबियातले वॉल्व्हिस बे, पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकमधले इन्यांबाने. एकाच अक्षांशाच्या आसपास, दोन्ही समुद्राकाठी. पहिल्या ठिकाणी वर्षाकाठी २५ मिलिमीटरही पाऊस पडत नाही, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या कित्येक पट पडतो. सागरी प्रवाहांचा नकाशा उघडा म्हणावे. पश्चिमेला बेंग्वेला हा थंड प्रवाह, पूर्वेला उष्ण प्रवाह. थंड पाण्यावरची हवा जड राहते, वर जात नाही, म्हणून पाऊस नाही; धुके मात्र भरपूर. त्या धुक्यावर जगणारा एक भुंगा नामिब वाळवंटात आहे. तो पहाटे टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो, पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात येतात. हे सांगायला एक मिनिट लागते आणि शीतप्रवाह वर्षभर लक्षात राहतो.

आणखी एक कागद तयार ठेवा : अल्जिअर्स आणि केपटाउनचे पावसाचे मासिक आलेख, नावे झाकून. एकात पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुसऱ्यात मे ते ऑगस्ट. हवामान एकच आणि महिने उलटे. कोणता आलेख कुठला, हे मुलांनी ठरवायचे आणि कारण सांगायचे. उत्तर चुकले तरी कारण नीट ऐका. बहुतेक वेळा चूक ‘जून म्हणजे उन्हाळा’ या सवयीत सापडते आणि तिथल्या तिथे सुटते.

चौथ्या तासाला विषुववृत्तावरचा उभा छेद काढा. हे काम मी कुणालाच वगळू देणार नाही. आलेख कागदावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचे : गॅबनचा किनारा, मग काँगोचे सखल खोरे सुमारे ३५० मीटर उंचीवर, मग रुवेंझोरीचा डोंगर ५,१०९ मीटर, त्याच्या पायथ्याशी खचदरी, मग व्हिक्टोरिया सरोवर १,१३४ मीटरवर, मग माउंट केनिया ५,१९९ मीटर, आणि उतरत उतरत हिंदी महासागर. उभे प्रमाण आडव्यापेक्षा खूप वाढवलेले आहे हे कागदावरच लिहून घ्या, नाहीतर मुले खंडाला भिंतीसारखे समजतात. या एका रेघेवर पुढचे किती प्रश्न बसतात बघा. व्हिक्टोरिया सरोवर इतके अफाट, पण खोली ८० मीटरच्या आसपास. टांगानिका अरुंद, पण १,४७० मीटर खोल. का? टांगानिका भूकवच ताणून फाटल्याने झालेल्या दरीत साचले आहे. व्हिक्टोरिया खचदरीच्या दोन शाखांच्या मधल्या उथळ बशीत. तीच फट केनियात जमिनीखालची उष्णता वर आणते आणि ओल्कारिया इथे त्या वाफेवर वीज होते. किलिमांजारो ५,८९५ मीटर, विषुववृत्तापासून फक्त ३ अंशांवर, तरी माथ्यावर बर्फ. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, हे देऊन मुलांना गणित करू द्या. समुद्रसपाटीला २७ अंश धरले तर माथ्यावर उणे ११ च्या आसपास येते. तिथले बहुतेक बर्फ गेल्या शंभर वर्षांत वितळले आहे, हेही त्यांना कळू द्या.

पाचवा तास नद्यांचा, पण लांबीचा नाही. दोन कोडी पुरतात.

पहिले कोडे काँगोचे. पाण्याच्या प्रमाणात अॅमेझॉननंतर जगात दुसरी नदी. तरी समुद्रातले जहाज मुखापासून सुमारे १५० किलोमीटरवरच्या मताडी बंदरापलीकडे जात नाही. का? मुलांनी छेद काढलेला असतो, त्यामुळे कुणीतरी म्हणतेच, ‘पठार संपते तिथे नदी खाली पडत असणार.’ अगदी तसेच. किन्शासा ते मताडी या साडेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात नदी सुमारे २७० मीटर उतरते आणि तिथे द्रुतवाहांची, म्हणजे खडकांवरून वेगाने उतरणाऱ्या प्रवाहांची, मालिकाच आहे. त्यांना वळसा घालायला १८९८ मध्ये रेल्वे पूर्ण झाली. द्रुतवाहांच्या वरच्या अंगाला किन्शासा आणि समोरच्या काठावर ब्राझाव्हिल, अशा दोन देशांच्या राजधान्या नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभ्या आहेत. त्या तिथेच का वाढल्या हे आता विचारायचीही गरज पडत नाही. मग पुढचा प्रश्न टाका : या नदीचे पाणी वर्षभर फारसे कमी-जास्त का होत नाही? दुमडलेला नकाशा पुन्हा काढायला सांगा. काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते. खोऱ्याचा एक भाग कोरडा असतो तेव्हा दुसऱ्या भागात पाऊस असतो. ज्या वर्गाने पावसाचा पट्टा सरकताना पाहिला आहे, तो हे उत्तर शोधतो, आणि तो क्षण शिक्षकाला फार सुख देणारा असतो.

दुसरे कोडे नाईलचे. कैरोला वर्षाकाठी पाऊस नावालाच. तरी आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पुरे होण्याआधी दरवर्षी ऐन उन्हाळ्यात, कोरड्या आकाशाखाली, इजिप्तमध्ये पूर येई. पाणी कुठून? मुले प्रवाहाच्या उलट दिशेने बोट फिरवत खार्टूमला येतात, तिथे दोन फाटे दिसतात. श्वेत नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून आणि दक्षिण सुदानच्या सुद दलदलीतून येते, म्हणून संथ आणि एकसारखी. नील नाईल इथिओपियाच्या उंच प्रदेशातून येते आणि तिथे पाऊस जून ते सप्टेंबर. पूर आणि गाळ यांचा बहुतेक भाग तिथला. याच नील नाईलवर इथिओपियाने २०११ मध्ये धरण बांधायला घेतले, २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि इजिप्तला त्याची एवढी धास्ती का वाटते, हे मुलांना आता बातमी वाचून समजू शकेल. नायजर नदीला वेळ नसेल तर घरी द्या : अटलांटिकपासून अडीचशे किलोमीटरच्या आत उगम पावते, तरी समुद्राकडे पाठ करून वाळवंटाच्या कडेपर्यंत जाते आणि वळून ४,१८० किलोमीटरचा फेरा मारून गिनीच्या आखातात मिळते. वाट फक्त पेन्सिलने गिरवून आणायची.

आता मागच्या बाकांवरचे हसू. याला मी हवामानाइतकेच महत्त्व देईन. त्या वेळी तास थांबवा. रागावून नव्हे, पण स्पष्ट शब्दांत सांगा की या वर्गात माणसांच्या दिसण्यावर हसायचे नाही. मग शिकवण्यातच दोन बदल करा. पहिला, ‘लोकजीवन’ एका चित्रावर उरकू नका. एका आदिवासी जमातीचे चित्र दाखवून दीडशे कोटींच्या आसपास माणसे समजावता येत नाहीत, आणि तसे करणे त्या जमातीवरही अन्याय आहे. मोरोक्कोत कासाब्लांका ते टँजिअर २०१८ पासून धावणारी, वाटेत ताशी ३२० किलोमीटरपर्यंत वेग गाठणारी रेल्वे, २,३०० मीटरहून उंच असलेले थंड हवेचे आदिस अबाबा, लेगॉसची गर्दी, माळरानावर गुरे वळणारी माणसे, घानातला कोकोचा मळा अशी निदान पाच-सहा चित्रे ठेवा आणि प्रत्येक चित्र नकाशावर कुठे बसते ते मुलांकडून लावून घ्या. गरिबी लपवू नका. ती कुठे, का, आणि कुठे कमी होते आहे, असे विचारा. दुसरा बदल, वर्गाला एक नियम घाला : ‘आफ्रिकेत’ या शब्दाने वाक्य सुरू करायचे नाही. मालीत, मलावीत, झांबेझीच्या खोऱ्यात, अॅटलास पर्वताच्या उतारावर, असे ठिकाण सांगायचे. पहिले दोन दिवस मुले अडखळतात, नंतर एकमेकांना टोकू लागतात. ‘आफ्रिका हा गरीब देश’ हे वाक्य या नियमात बसूच शकत नाही.

आणि त्या मुलांना हेही सांगा, की खचदरीत ज्वालामुखीची राख आणि सरोवरांचा गाळ थरावर थर साचत गेला, म्हणूनच पूर्व आफ्रिकेत मानवपूर्वजांचे इतके जीवाश्म टिकले. १९७४ मध्ये इथिओपियात मिळालेली ‘लूसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची आहे. वर्गातल्या प्रत्येकाचे, हसणाऱ्यांचेही, आद्य पूर्वज याच खंडातले. हे शास्त्र म्हणून सांगा, उपदेशाचा सूर लावू नका.

सीमारेषांचा एक तास ठेवा. मुलांना राजकीय नकाशावर पट्टीने आखल्यासारख्या सरळ सीमा शोधू द्या. इजिप्त, लिबिया आणि सुदान यांच्या सीमा लगेच सापडतात. गाम्बिया दाखवा : एका नदीचे दोन काठ एवढाच देश, रुंदी कुठेही ५० किलोमीटरपर्यंतही नाही, आणि समुद्राची बाजू सोडली तर तिन्ही बाजूंना सेनेगल. १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपच्या सत्तांनी खंड वाटून घेण्याचे नियम ठरवले, तेव्हा टेबलाशी आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. खंडातले सोळा देश आज समुद्राविना आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या सीमा त्या वाटणीच्या काळातल्या आहेत. त्यांतला झांबिया घ्या आणि गट पाडा : झांबियाचे तांबे कोणत्या बंदरात न्याल? टांझानियातले दार-एस-सलाम, अंगोलातले लोबितो, मोझांबिकमधले बैरा, दक्षिण आफ्रिकेतले दर्बान. अंतर, डोंगर, मधले देश, त्या देशांतली शांतता, सगळे तोलून गटाने बाजू मांडायची. नंतर सांगा की १९७५ मध्ये दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण झाला, तो का. वर्गात आवाज वाढेल, शेजारच्या वर्गाची तक्रारही येईल. तरी हा तास सोडू नका.

पाठांतराबद्दल तुम्ही विचारले आहे. ते सोडू नका, फक्त ओझे हलके करा. तीन अक्षवृत्ते, भोवतालचे समुद्र, सुएझ आणि जिब्राल्टर, नाईल, काँगो, नायजर, झांबेझी, व्हिक्टोरिया, टांगानिका, मलावी, अॅटलास, इथिओपियाचा उंच प्रदेश, ड्रेकन्सबर्ग, सहारा, नामिब, कलहारी आणि आपण ज्यांच्यावर बोललो ते दहा-बारा देश. हे मात्र कोऱ्या आराखड्यावर न बघता भरता यायलाच हवे, कारण डोक्यात नकाशा नसेल तर विचार कशावर करणार? रोज तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटे, फक्त तीन नावे, पुस्तक मिटून. बाकीसाठी नकाशासंग्रह आहे.

हिशेब केलात तर सात तास झाले. आठवा तास उजळणीला न देता न पाहिलेल्या साहित्यावर चाचणी घ्या : नाव झाकलेला पावसाचा आलेख, एक उभा छेद, एक ओळखीची नसलेली नदी. ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्नप्रकार मुलांना पाठ असतो तो गाइडमधल्या कारणांसह, म्हणून कारण तुम्ही द्या आणि परिणाम त्यांना लिहू द्या. ‘किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो. तर तिथे पाऊस, शेती आणि वस्ती कशी असेल?’ याचे तयार उत्तर कुठेच मिळत नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिकेचा साचा बदलणे तुमच्या हातात नसेल तर निदान घटक चाचणीत हे करा. पिके आणि खनिजे यांच्या लांबलचक याद्या घरी नकाशात भरायला द्या. वर्गात फक्त तांबे आणि कोबाल्ट घ्या, आणि ते झांबियाच्या तासाला जोडून.